सड्याचा वाफा: एका सार्वजनिक वनस्पती उद्यानातलं प्रकरण

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत वसलेल्या एका शहरातलं हे महापालिकेचं वनस्पती उद्यान. शहराचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि उद्यानाच्या सल्लागार समितीवर आलो, त्यामुळे पुढे सांगितलेल्या काही चुका माझ्याही आहेत.

उद्यान जुनं. वर्षावृक्षांची दाट सावली, पामची रांग, गुलाबाचे वाफे, निवडुंगांचं काचघर. सकाळी फिरायला येणारे, दुपारी सावलीला टेकणारे, रविवारी मुलांना घेऊन येणारे असे सगळे येतात. नावाच्या पाट्या आहेत, पण त्या वाचायला कोणी थांबत नाही, कारण बहुतेक झाडं लोकांना आपल्या सोसायटीच्या आवारातूनच माहीत असतात.

एका वर्षी अंदाजपत्रकात ‘नवीन व वैशिष्ट्यपूर्ण वनस्पती’ अशा शीर्षाखाली पैसे आले. पूर्वेच्या भिंतीलगत बंद पडलेल्या कारंज्याची गुंठाभर जागा मोकळी होती. तिथे काय लावायचं एवढाच प्रश्न होता, आणि रक्कम ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवी होती.

अडचण

उद्यानापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत जगात दुसरीकडे न सापडणाऱ्या कितीतरी वनस्पती आहेत. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हापासून सप्टेंबरात तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. पण फुलं पाहून आलेल्या माणसाला विचारलं, तर रंग आठवतो, झाड आठवत नाही. गर्दीत, कुंपणाच्या अलीकडून, दोन इंच उंचीचं झाड नीट दिसणार कसं?

उद्यान अधीक्षक मॅडमच्या मनात हेच होतं. सड्यावरच्या वनस्पती लोकांना बसून, वाकून पाहता याव्यात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात. वर माती बोटभर, कुठे तीही नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं आणि ऑक्टोबर सरला की तोच दगड तव्यासारखा तापतो. या दोन टोकांच्या मध्ये जगणारी झाडं चार महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि नाहीशी होतात.

खरी अडचण इथेच होती. सार्वजनिक बागेने बाराही महिने हिरवं दिसावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि हा वाफा आठ महिने मेल्यासारखा दिसणार होता. हे पहिल्या बैठकीत कोणी स्पष्ट बोललं नाही. मला माहीत होतं, तरी मीही बोललो नाही. बोललो तर प्रस्ताव तिथेच पडेल अशी भीती वाटली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. कारंज्याच्या हौदात व्हिक्टोरिया हे ॲमेझॉनचं प्रचंड कमळ लावायचं. कोलकात्याच्या शिबपूरच्या उद्यानात ते पाहायला लोक आजही मुद्दाम जातात. परातीसारखी काठ वळलेली पानं, पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलून दुसऱ्या दिवशी गुलाबी होणारं फूल, यात वावगं काहीच नाही. पण हौद लहान होता, आणि त्याच्या एकेका पानालाच दोन मीटरहून जास्त जागा लागते.

दुसरा पर्याय एका पुरवठादाराने आणला. ‘कासची फुलं मातीसकट आणून देतो’ म्हणाला. दर चौरस फुटावर होता. मॅडमनी त्याला बसूही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. राखीव वनातून झाड उपटणं हा गुन्हा आहेच. शिवाय वारसा दाखवायचा म्हणून वारशाचा तुकडा कापून आणायचा, हे कोणत्याही उद्यानाला शोभणारं नाही.

तिसरा पर्याय बियांचा. सड्यावर हंगामात हिंडून, परवानगी घेऊन, मोजकं बी गोळा करायचं. हा मार्ग स्वच्छ, पण त्याला दोन-तीन पावसाळे लागले असते, आणि हातात होते तीन महिने.

चौथा पर्याय समितीतल्या एका सदस्यांनी सुचवला. ते मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्या गावाजवळ खासगी जमिनीवर परवानगी असलेली चिरेखाण होती. जांभ्याचे चिरे कापणारं मशीन एप्रिलच्या शेवटी सड्याच्या पुढच्या तुकड्यावर चढणार होतं. तिथला वरचा थर खरवडून फेकलाच जाणार होता, आणि त्या बोटभर मातीत मागच्या कित्येक पावसाळ्यांचं बी पडलेलं होतं.

निर्णयाची पहिली जागा ही. कास की कोकण? कासचं नाव मोठं, पण ते पठार १२०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पाऊस २००० मिलिमीटरहून जास्त आणि पावसाळाभर धुकं. आमच्या शहरात पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी. कोकणातल्या खालच्या सड्यांवरही पाऊस भरपूर, पण तिथल्या झाडांना उकाड्याची सवय असते. शिवाय ती माती वाचवून आणायची होती, ओरबाडून नाही. आम्ही कोकण निवडलं. खाणमालकाचं पत्र घेतलं, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवून त्यांचीही संमती घेतली.

वाफा कसा बांधला

मार्चमध्ये फक्त बांधकाम केलं, त्यामुळे खर्चाचा प्रश्न सुटला. हौदाच्या तळाला शेततळ्याचा कागद अंथरला, त्यावर मुरूम, आणि वर खाणीत टाकून दिलेले जांभ्याचे वेडेवाकडे तुकडे. मुद्दाम उंचसखल बसवले, म्हणजे काही खळग्यांत पाणी साचेल आणि काही उंचवटे पाऊस उघडल्यावर तासाभरात कोरडे होतील. सड्यावर दर हातावर झाडं बदलतात, आणि त्यामागे पाण्याचा हाच हिशेब असतो.

एप्रिलमध्ये आम्ही सहा जण खाणीवर गेलो. खराटे, पत्र्याच्या सुपल्या आणि गोणपाटाची पोती घेऊन. साठ पोती माती भरली. साचत्या खळग्यांतली, कड्याकपारीतली आणि सपाट दगडावरची अशी तीन प्रकारची माती वेगळी भरून पोत्यांवर खडूने खुणा केल्या. ट्रक रात्री उशिरा उद्यानात पोचला, सकाळच्या आत गाडी मोकळी करायची होती, आणि हमालांनी सगळी पोती एकाच ढिगावर ओतली. खुणा कशासाठी आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी घरी झोपलो होतो.

पहिला पावसाळा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हिरवी लव आली. जुलैच्या मध्याला गेंद या झाडाची पांढरी बटणं दिसू लागली. मग एके सकाळी खळग्यांमध्ये सीतेची आसवं फुलली. निळसर जांभळी, काडीवर तोललेली, प्रत्येकी नखाएवढी. लोक थांबायला लागले. काही जण मोबाइल घेऊन पालथे पडून फोटो काढत होते. आठवडाभरात दवबिंदू नावाचं झाडही दिसलं, पानांवरच्या केसांच्या टोकाशी चिकट थेंब आणि त्यात अडकलेली चिलटं.

ही दोन्ही कीटकभक्षी झाडं. सड्याच्या मातीत नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतंच, म्हणून ती कमतरता दवबिंदू चिलटांकडून भरून काढतो. सीतेच्या आसवांच्या चिखलातल्या धाग्यांना बारीक फुगे असतात, ते पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. त्यांचं सगळं जगणं मातीच्या गरिबीवर उभं आहे. हे आम्ही पाटीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं. माळ्यांना मात्र सांगितलं नव्हतं.

त्याच जुलैत एक तरुण माळी, शेजारच्या वाफ्यांना शेणखत देता देता, याही वाफ्याच्या पश्चिम टोकाला खताचा हात देऊन गेला. त्याच्या दृष्टीने माती उघडीनागडी होती, झाडं खुरटी होती, आणि खत घालणं हेच त्याचं काम होतं. पंधरा दिवसांत तेवढ्या भागात गवत गुडघ्याला लागलं. मातीतून आलेली रानमोडी आणि आमचं नेहमीचं गाजरगवत दोन्ही तिथे माजलं. गेंद त्याखाली गुदमरले.

इथे दुसरा निर्णय करावा लागला. नुसती भांगलण करायची, की तो एक तृतीयांश भाग खरवडून काढून टाकायचा? खरवडला तर तिथलं न उगवलेलं बीही जाणार. ठेवला तर खताचा अंश प्रत्येक पावसात उताराने पुढच्या खळग्यांत जाणार. आबा, म्हणजे उद्यानातले सगळ्यात जुने माळी, एवढंच म्हणाले, “सर, सडलेला भाग कापल्याबिगर उरलेलं फळ टिकत न्हाई.” आम्ही खरवडला. आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो.

ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली. रात्रपाळीच्या माणसाने इमाने इतबारे बोअरच्या पाण्याचा पाइप वाफ्यावर सोडला. दख्खनच्या बोअरचं जड पाणी. चार दिवसांत दगडांवर पांढरट खपली धरली आणि दवबिंदू तपकिरी पडले. या झाडांना क्षारांचं पाणी सोसत नाही, हे मला पाठ होतं. पावसाने ओढ दिली तर काय, याचा विचार आधी करून ठेवणं माझं काम होतं, आणि तो मी केला नव्हता.

कोरडे महिने

नोव्हेंबरपासून वाफा तपकिरी. जानेवारीत नुसते दगड आणि धूळ. तक्रारवहीत नोंदी सुरू झाल्या. ‘येथे पाणी का घालत नाहीत?’ ‘जनतेचा पैसा मातीत.’ एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात फार सुंदर होते. कृपया पुन्हा लावावे.’ ही नोंद मला सगळ्यात जास्त लागली. त्यांना ते आवडलं होतं आणि ते गेलं असंच वाटत होतं. ते तिथेच आहे, हे त्यांना सांगायला आम्ही कमी पडलो होतो.

फेब्रुवारीच्या बैठकीत तीन प्रस्ताव आले. वाफा काढून ॲडेनियम आणि रंगीत निवडुंग लावायचे. किंवा दगड तसेच ठेवून उन्हाळ्यात त्यावर हंगामी फुलांच्या कुंड्या मांडायच्या. किंवा काहीच करायचं नाही. मधला प्रस्ताव सगळ्यांना पटत होता, कारण त्यात कोणी हरत नव्हतं. पण कुंड्यांना रोज पाणी लागतं, ते खाली झिरपतं, आणि एप्रिलमध्ये भिजलेलं बी अवेळी उगवून जळून जातं. मॅडमनी हे तोंडी सांगितलं नाही, करून दाखवलं. वाफ्यातली दोन ओंजळ माती पत्र्याच्या ताटात घेऊन तीन आठवडे भिजवली. गवत आणि तीन-चार गेंद उगवले, बोटभरही न वाढता वाळले. ते ताट त्यांनी बैठकीच्या टेबलावर ठेवलं.

ठरलं असं की वाफा कोरडाच राहील, पण त्याचं कोरडं असणं लोकांना समजावून सांगायचं. जुनी पाटी काढली. नवी मोठी पाटी आली: ‘हा वाफा झोपलेला आहे. जूनमध्ये उठेल. कृपया पाणी घालू नका.’ शेजारी पावसाळ्यातला त्याच जागेचा फोटो, आणि साखळीला बांधलेलं भिंग, म्हणजे वाळलेल्या गेंदाच्या बटणातलं बी पाहता येईल. तक्रारी थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. मुलं भिंगासाठी भांडू लागली.

शिंदळ माकुडी आणि कंदीलपुष्प

वाफ्यामागच्या दगडी भिंतीत आम्ही दोन दुर्मीळ वनस्पती लावल्या होत्या. शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या कड्यांवर, जुन्नर-शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणी दगडाच्या फटीत लोंबणारी मांसल झुडपी. पावसाळ्यात पानं धरते, तांबूस तारेसारखं पिवळ्या ठिपक्यांचं फूल देते, आणि उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या जाड फांद्यांवर राहते. डाल्झेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ठेवलं. निसर्गात दुर्मीळ असली तरी फांदीपासून सहज रुजते. एका विद्यापीठाच्या उद्यानातून आम्हाला फांद्या मिळाल्या.

दुसरी कंदीलपुष्पं. वेलीला लागणारं कंदिलासारखं नळीदार फूल, आतले केस खाली वळलेले. लहान माश्या आत उतरतात, अडकतात, केस कोमेजले की पराग घेऊन सुटतात. भारतातल्या कंदीलपुष्पांच्या बहुतेक जाती देशाबाहेर कुठेच नाहीत. कंद खाण्याजोगा, गुराख्यांच्या पोरांना माहीत असलेला. त्याच विद्यापीठाने बियांपासून वाढवलेले सहा कंद दिले.

दोन्हींवर मी हौसेने पाटी लावली: ‘अतिदुर्मीळ’. सप्टेंबरमध्ये पहिलं फूल आलं, त्याच आठवड्यात दोन कंदीलपुष्पं कंदासकट उकरून नेलेली. माकुडीच्या फांद्या तर रोज थोड्या थोड्या कमी होत होत्या. एक वेल चोरीला नाही, खुरप्याला गेला. भांगलणीत रानवेल समजून उपटला.

पर्याय होते जाळीचा पिंजरा, पहारा, किंवा पाट्या काढणं. आबांनी वेगळं सुचवलं. माकुडी फांदीने येते, तर रोपवाटिकेत रोपं करून साध्या झाडाच्या भावात विकू. मी कडाडून विरोध केला. सह्याद्रीच्या कड्यावरचं झाड विक्रीला मांडायचं, हे मला सहन होईना. उद्यानातल्याच फांद्यांची रोपं असतील, कड्यावरचं एकही पान नसेल, आणि पावतीबरोबर तसं लिहून देऊ, असं मॅडमनी समजावल्यावर गप्प बसलो. विक्रीच्या पहिल्या पावसाळ्यात ८० रोपं गेली आणि भिंतीवरच्या फांद्या तुटायच्या थांबल्या. माझा विरोध चुकीचा होता.

कंदीलपुष्पाला हा उपाय चालला नसता. ते बियांवरच येतं, हळू वाढतं. उरलेले तीन कंद रोपवाटिकेत कुलपाआड नेले. शेंगा पिकल्या की मलमलीची पिशवी बांधतो, नाहीतर म्हातारीसारखं बी उडून जातं. फुलावर आलेली एकच कुंडी दिवसा बाहेर येते, आबांच्या खुर्चीशेजारी. पाटी नाही. कोणी विचारलं की आबा सांगतात.

आज काय आहे

तिसरा पावसाळा झाला. गेंद भरपूर आहेत, तेरडा आणि कवला दर वर्षी वाढतोय. सीतेची आसवं मूळच्या पाचसहा खळग्यांपैकी दोनांत उरली. दवबिंदू फक्त ईशान्य कोपऱ्यात टिकला, जिथे त्या ऑगस्टमध्ये पाइप पोचला नव्हता. कंद असलेल्या दिपकाडीने पहिली दोन वर्षं नुसती पानं दिली, या जूनमध्ये चार दांडे फुलले.

कार्यालयाच्या छपराचं पाणी आता ५००० लिटरच्या टाकीत जातं. गुंठाभर वाफ्याला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर साधारण ५०० लिटर लागतात, म्हणजे दहा दिवसांची सोय. ओढ लांबली तर फक्त खळगे भरायचे, उंचवटे वाळू द्यायचे, असा क्रम आबांनी घालून दिलाय. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी तेच लोकांना वाफा दाखवतात. कोणत्या खळग्यात काय आहे हे आता समितीत कोणाहीपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माळ्यांना सुरुवातीलाच सड्यावर न्यायला हवं होतं. आम्ही त्यांना दुसऱ्या वर्षी नेलं. ज्या तरुण माळ्याने खत घातलं होतं, तो तिथे उघड्या दगडावरची फुलं पाहून बराच वेळ बोललाच नाही. नंतर त्यानेच वाफ्याच्या कडेला दगडांची रांग लावली, शेजारचं खत वाहून येऊ नये म्हणून. एप्रिलमध्ये पोती भरायला त्याला बरोबर घेतलं असतं, तर ट्रक उतरवतानाही तोच उभा राहिला असता.

सगळी माती एका वर्षात, एकाच वाफ्यात वापरायला नको होती. निम्मी पोती सावलीत कोरडी ठेवली असती, तर पहिल्या वर्षाच्या नुकसानीनंतर हात रिकामे राहिले नसते. आता ती चिरेखाण पार खोल गेली आहे. तिथे परत मिळण्यासारखं काही उरलं नाही.

कोरड्या महिन्यांबद्दल पहिल्याच बैठकीत बोलायला हवं होतं. प्रस्ताव पडला असता का? कदाचित. पण मंजूर झाला असता तर फेब्रुवारीची बैठक वाफा वाचवण्यात गेली नसती, आणि त्या आजोबांना पाटी पहिल्याच नोव्हेंबरात दिसली असती.

‘दुर्मीळ’ हा शब्द पाटीवर लिहिताना आता आम्ही दोनदा विचार करतो. माकुडीच्या पाटीवर सध्या फक्त नाव आहे, फुलायचा महिना आहे, आणि ‘रोपं रोपवाटिकेत मिळतात’ एवढी ओळ.

या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका खाणीवरून बारा पोती आली. चार खळग्यातली, चार कपारीतली, चार सपाट दगडावरची. खुणा खडूच्या नाहीत, ऑइलपेंटच्या आहेत. सहा पोती कोठीत ठेवली आहेत, सहा मृगाच्या आधी नव्या छोट्या वाफ्यात पसरायची आहेत. पोती उतरवताना आबा आणि तो तरुण माळी दोघंही हजर होते, आणि या वेळी मीही होतो.